मला न मिळालेलं औषध

माझ्या हृदयात धातूची एक झडप आहे. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून मी रोज रात्री जेवल्यावर एक छोटी गोळी घेते. कधी अख्खी, कधी दीड. कुठल्या वारी किती, ते स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पेन्सिलीने लिहिलेलं असतं. या गोळीच्या उपकारांबद्दल एकदा लिहायचं असं बरेच दिवस मनात होतं. लिहायला बसले तेव्हा कळलं की तेवढ्यावर भागणार नाही. याच कामाची नव्या जमान्याची एक गोळी आहे. ती मला मिळाली नाही, मिळावी म्हणून मी हटूनही बसले होते. ती मला देऊ नये हे ज्यांच्यामुळे जगाला कळलं, त्या अनोळखी माणसांचं देणं माझ्यावर जास्त आहे.

मी फलटणजवळच्या एका गावातली. पाचवीत असताना घसा धरला, ताप आला, आणि दोन-तीन आठवड्यांनी गुडघा टम्म सुजला. गुडघा उतरला की घोटा, घोटा उतरला की कोपर. आजीने निरगुडीचा पाला वाफवून बांधला. 'वाढीचं दुखणं आहे,' म्हणाली. महिन्याभरात खरंच सगळं गेलं. घशातल्या जंतूंशी लढता लढता शरीर आपल्याच हृदयाच्या झडपांवर उठतं, या दुखण्याला संधिवाताचा ताप म्हणतात, आणि पुढची कित्येक वर्षं दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेतलं तर तो पुन्हा उलटत नाही, यातलं आमच्या घरात कुणाला काही ठाऊक नव्हतं. सांधे दुखायचे थांबले, म्हणजे आजार गेला. सांधे बरे होतात, झडपा होत नाहीत.

हे कळलं ते गरोदरपणात. सहावा महिना लागला आणि दोन पावलं चाललं तरी धाप लागू लागली. रात्री आडवं पडता येईना. 'पोट वाढलं की होतंच असं,' असं घरातल्या सगळ्या बायका म्हणाल्या, आणि मलाही ते पटलं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग कागदावर चिठ्ठी लिहून म्हणाल्या, 'आज संध्याकाळच्या गाडीने निघा.' हृदयातली डाव्या बाजूची झडप आक्रसली होती. मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन ती रुंद केली आणि मुलगी सुखरूप झाली. त्या डॉक्टरीणबाईंची पुढच्याच वर्षी बदली झाली. त्यांचे आभार मानायचे राहिले ते राहिलेच.

फुग्याने मोकळी केलेली झडप काही वर्षांनी पुन्हा अरुंद झाली. २००६ मध्ये परळच्या केईएममध्ये ती काढून नवी बसवायची ठरलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी दोन पर्याय सांगितले. प्राण्याच्या ऊतीची झडप घेतली तर गोळ्यांचा जाच कमी, पण माझ्या वयात ती लवकर झिजणार आणि पुन्हा छाती उघडावी लागणार. धातूची घेतली तर ती बहुधा जन्मभर टिकेल, पण रक्त गोठू न देणारी गोळीही जन्मभर. मी धातूची म्हटलं. गोळीचं काय एवढं, असं वाटलं होतं.

मला बसवली ती चित्रा झडप. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडवली, कारण परदेशी झडपा आपल्याकडच्या बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होत्या. त्यांचे पहिले तीन नमुने चाचण्यांत बाद झाले. चौथा टिकला: धातूची कडी आणि तिच्यात कलती होऊन उघडझाप करणारी प्लास्टिकची चकती. ६ डिसेंबर १९९० रोजी ती पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसवली गेली. ही माहिती मला वॉर्डातल्या एका रेसिडेंट डॉक्टरने, बहुधा माझी भीती घालवायला, हौसेने सांगितली होती. तेव्हा माझ्या मनात चौथा नमुनाच राहिला. आधीच्या तिघांचा विचार मी पुष्कळ नंतर केला.

घरी आल्यावर गोळीची खरी ओळख झाली. तिचं नाव ॲसिनोकुमरॉल, वॉरफरिनच्या कुळातली. शेजारच्या एकांनी, त्यांना वाचनाची आवड, पहिल्याच आठवड्यात सांगितलं, 'अहो, हे उंदराचं औषध आहे.' मी दोन दिवस रडकुंडीला आले होते. पुढच्या खेपेला मॅडमना विचारलं, तर त्या हसल्या आणि ओपीडीत पन्नास माणसं बाहेर बसलेली असताना त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये सडलेलं गवत खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत होती. १९३३ च्या फेब्रुवारीत एक शेतकरी मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारं रक्त आणि ते गवत गाडीत घालून बर्फाच्या वादळात मॅडिसनला आला. सरकारी पशुवैद्याची कचेरी बंद होती म्हणून फिरत फिरत कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पोचला. त्या गवतातला पदार्थ वेगळा काढायला लिंक यांच्या माणसांना सहा वर्षं लागली. त्याच घराण्यातलं वॉरफरिन १९४८ मध्ये उंदरांसाठी बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झालं. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनाही तेच दिलं गेलं. 'अध्यक्षांना चाललं, तुम्हाला चालेल,' मॅडम म्हणाल्या.

गोळी रक्त पातळ करते असं सगळेच म्हणतात, मीही म्हणते. पण रक्त जेवढं दाट असतं तेवढंच राहतं. गोठण्यासाठी लागणारे काही घटक यकृतात व्हिटॅमिन के वापरून तयार होतात, आणि ही गोळी त्या व्हिटॅमिनचा पुन्हा पुन्हा होणारा वापर अडवते. म्हणून घटक कमी तयार होतात आणि गुठळी धरायला वेळ लागतो. आणि म्हणूनच ती जेवणाशी, तापाशी, दुसऱ्या औषधांशी, सगळ्यांशी भांडत बसते. कमी पडली तर झडपेवर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. दोन्हींच्या मधली वाट अरुंद. आपण त्या वाटेवर आहोत की नाही हे सांगणारी तपासणी म्हणजे पीटी-आयएनआर. माझ्यासारखीचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये राहायला हवा.

इथे मला लॅबवाल्या काकांबद्दल लिहिलं पाहिजे.

तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडच्या मागच्या बोळात त्यांची लॅब. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे ते मला 'बाई' म्हणत. पहिल्यांदा गेले तेव्हा माझा आकडा एकदा वर, एकदा खाली असा उड्या मारत होता. कुणीतरी सांगितलं होतं म्हणून मी पालेभाज्या अजिबात सोडल्या होत्या. मेथी नाही, पालक नाही, आमटीत कोथिंबीरसुद्धा नाही. मग एखाद्या लग्नात अळूचं फदफदं समोर आलं की मनसोक्त खायचे. काकांनी रिपोर्ट हातात दिला नाही. आधी खुर्चीत बसवलं. 'बाई, काय जेवता ते सांगा.' मी सांगितलं. ते म्हणाले, 'भाजी सोडू नका. रोज खा, पण रोज तेवढीच खा. गोळी तुमच्या जेवणाला धरून बसवायची असते. तुम्ही जेवण हलवत राहिलात तर डॉक्टरांनी काय करायचं?' मग म्हणाले, दर वेळी एकाच लॅबमध्ये करा, माझ्याकडे नको असेल तर दुसरीकडे करा, पण एकाच ठिकाणी. माझ्या कालनिर्णयवरचे पेन्सिलीचे आकडे त्या दिवसापासून सुरू झाले. ही सवय त्यांची, मी फक्त पाळली.

दर महिन्याला मी त्या बोळात गेले. दंडाला पट्टा, सुई, कापसाचा बोळा, 'दाबून धरा, तुमचं लवकर थांबत नाही.' काका रक्त घेता घेता माणूस पाहत. एकदा माझ्या पायाकडे बघून म्हणाले, 'चपलेचा वळ उमटलाय, सूज आहे, मुंबईला दाखवून या.' मला ती सूज दिसलीच नव्हती. मॅडमनी लघवीची गोळी वाढवली आणि मी सुटले. दुसऱ्या एका वेळी कंबरदुखीसाठी मी मेडिकलमधून कसली कसली गोळी घेऊन खात होते, ती त्यांनी पर्समधून काढायला लावली. वेदनाशामक या गोळीच्या वर पडलं की पोटात रक्तस्राव होऊ शकतो, हे मला ओपीडीत सांगितलेलं असणार. ऐकलं मी काकांचं. आणि तरीही खरं सांगायचं तर त्या बोळाचा मला कंटाळा यायचा. पगाराच्या दिवशी सुट्टी टाकून टोचून घ्यायला जायचं, आणि हे मरेपर्यंत.

२०१८ मध्ये माझ्या वडिलांच्या, आबांच्या हृदयाचे ठोके अनियमित झाले. त्यांच्या झडपा चांगल्या होत्या. वयाने होतं तसं दुखणं, पण त्यातही हृदयाच्या वरच्या कप्प्यात गुठळी धरून मेंदूत जाण्याचा धोका असतो. डॉक्टरांनी त्यांना ॲपिक्साबॅन लिहून दिलं. सकाळी एक, रात्री एक. मी विचारलं, आयएनआर कधी करायचा? 'गरज नाही. वर्षातून एक-दोनदा किडनी तपासू.' मेथी? 'खाऊ द्या.' आबांनी त्याच संध्याकाळी मेथीची भाजी-भाकरी मागून खाल्ली. मी वाढली. मला आनंद व्हायला हवा होता. मला हेवा वाटला, आणि वाढता वाढताच वाटला.

ही नवी औषधं यकृताच्या कारखान्यात ढवळाढवळ करत नाहीत. गोठण्याच्या साखळीतली एकच कडी नेमकी पकडतात. डाबिगाट्रान थ्रॉम्बिनला धरतं. रिव्हरॉक्साबॅन, ॲपिक्साबॅन, एडॉक्साबॅन ही त्याच्या आधीच्या, दहाव्या घटकाला. २००९ मध्ये डाबिगाट्रानच्या मोठ्या चाचणीचे निकाल जाहीर झाले. ४४ देशांतले १८,११३ रुग्ण तिच्यात होते. मग रिव्हरॉक्साबॅन, मग ॲपिक्साबॅन. २०११ मध्ये ॲपिक्साबॅनच्या चाचणीत तर वॉरफरिनपेक्षा पक्षाघातही कमी, रक्तस्रावही कमी आणि मृत्यूही कमी निघाले. सुरुवातीला आबांची पाकिटं महाग पडायची, नंतर आपल्याकडच्या अनेक कंपन्या ती बनवू लागल्या आणि भाव उतरले. (आमच्या दिरांना स्टेंट बसवल्यावर टिकाग्रेलोर दिलं होतं. तीही 'पातळ करायची गोळी', पण ती रक्तातल्या बिंबाणूंना चिकटू देत नाही, तिचं काम वेगळं. आमच्या घरात तिन्ही डबे एकाच फडताळात असत. आता वेगळे ठेवतो.)

पुढच्या खेपेला परळला गेले ती हट्ट मनात धरूनच. मॅडम आता विभागातल्या ज्येष्ठ झाल्या होत्या. मी म्हटलं, 'मॅडम, आबांना ती गोळी, मग मला का नाही? पैशांचं मी बघते.' त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, 'तुमच्यासारख्यांना तसली गोळी देऊन बघितली आहे.'

धातूच्या झडपा बसवलेल्या माणसांवर डाबिगाट्रानची चाचणी झाली होती. रि-अलाइन तिचं नाव. युरोप आणि कॅनडातले २५२ जण. त्यातल्या १६८ जणांना नवं औषध दिलं, ८४ जणांना जुनं वॉरफरिन. डिसेंबर २०१२ मध्ये ती अर्ध्यावर थांबवावी लागली. नव्या औषधाच्या गटात ९ जणांना पक्षाघात झाला, ५ जणांच्या झडपेवर गुठळी धरली. जुन्या गटात दोन्ही शून्य. वर रक्तस्रावही नव्याच गटात जास्त. मॅडम म्हणाल्या, धातूला रक्त लागलं की गोठण्याची क्रिया इतक्या जोरात सुरू होते की एक कडी धरून ती आवरत नाही, असं मानतात. जुनी गोळी एकदम चार घटक कमी करते, म्हणून ती पुरते. आकडे सांगून झाल्यावर त्या केसपेपरवर लिहायला लागल्या. माझी नेहमीचीच गोळी, नेहमीचाच डोस.

परतीच्या एसटीत पुणे येईपर्यंत माझ्या डोक्यात ते नऊ आणि पाच होते. त्यांनाही माझ्यासारखाच सुईचा कंटाळा आला असेल. त्यांनाही कुणी विचारलं असेल, दर महिन्याची तपासणी नको ना, मग सही करा. सही केल्याने त्यांच्यातल्या काहींचा हात लुळा पडला असेल, वाचा गेली असेल. त्यांची नावं मला कधी कळणार नाहीत, त्यांना माझं गाव कळणार नाही. पण २०१३ मध्ये ते निष्कर्ष छापून आले नसते, औषध चाललं नाही हे सांगायला कंपनी किंवा डॉक्टर लाजले असते, तर २०१८ मध्ये पैसे पर्समध्ये घेऊन हट्ट धरणाऱ्या बाईला कुणीतरी कुठेतरी ती गोळी दिलीच असती. मी शाळेत मुलांना शोधांच्या गोष्टी सांगते, त्या सगळ्या जमलेल्या शोधांच्या असतात. चित्रा झडपेचे ते तीन बाद नमुने मला त्या प्रवासात आठवले.

यानंतर मी या विषयावरचं मिळेल ते वाचायला लागले. समजतं त्यातलं निम्मंच. २०२२ मध्ये इन्व्हिक्टस नावाच्या चाचणीचे निकाल आले. चोवीस देशांतले साडेचार हजारांवर रुग्ण, त्यात आपलेही, आणि तिच्या प्रमुख संशोधकांत तेव्हा दिल्लीच्या एम्समध्ये असलेले डॉ. गणेशन कार्तिकेयन. सगळे रुग्ण माझ्या आजाराचे: लहानपणी संधिवाताचा ताप, झडप खराब, ठोके अनियमित, फक्त धातूची झडप बसलेले त्यात नव्हते. सरासरी वय पन्नास, आणि दर शंभरातल्या बहात्तर बायका. तो आकडा वाचून मी जरा थांबले. आम्हीच त्या. सगळ्यांना वाटत होतं की नवं रिव्हरॉक्साबॅन निदान जुन्याची बरोबरी करेल. पण जुन्या गोळीवरचे रुग्ण जास्त जगले, आणि रक्तस्राव काही जास्त झाला नाही.

असं का झालं, याचा उलगडा पुरता झालेला नाही, कारण फरक पक्षाघातापेक्षा मृत्यूंत मोठा होता. एक शक्यता त्यावर बोलली गेली, तिथे मला आमचा बोळ दिसला. जुन्या गोळीवरच्या रुग्णाला आयएनआरसाठी वारंवार यावंच लागतं. ती आली की तिला कुणीतरी बघतं. पायाची सूज, वाढलेली धाप, चुकीची गोळी, सगळं त्या निमित्ताने कुणाच्या तरी नजरेला पडतं. ही शक्यताच आहे, सिद्ध झालेली नाही, आणि माझ्या एकटीच्या अनुभवाने ती सिद्ध होतही नाही. तरी मी ते सगळं काकांना वाचून दाखवलं. त्यांनी तोवर लॅब मुलाच्या हातात दिली होती, ते नुसते कोपऱ्यात पेपर घेऊन बसत. ऐकून म्हणाले, 'म्हणजे आमचा धंदा बुडत नाही तर.' मला जे म्हणायचं होतं ते मग म्हणता आलं नाही. पुढच्या संक्रांतीला तिळगूळ देऊन पाया पडले, तेव्हा ते म्हणाले, 'बाई, वयाने मोठा आहे म्हणून ठीक आहे, पण सुई तर सगळेच टोचतात.'

आबा आता त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. दोन वेळची गोळी घड्याळ लावून घेतात. तिचा असर दिवसभरात उतरतो, चुकवून चालत नाही, एवढं त्यांनी पक्कं ध्यानात ठेवलंय. हेवा आता उरला नाही. त्यांच्या ॲपिक्साबॅनमागेही अठरा हजारांवर माणसं आहेत, माझ्यामागे अडीचशे.

दरम्यान आणखी नवी औषधं येऊ घातली आहेत, अकराव्या घटकाला धरणारी. तो घटक जन्मतःच कमी असलेल्या माणसांना गुठळ्या कमी होतात आणि एरवी रक्तस्रावाचा त्रासही बेताचाच असतो, म्हणून त्याच्यावर आशा. त्यातलं असुंडेक्सियान अनियमित ठोक्यांच्या रुग्णांत आबांच्या ॲपिक्साबॅनसमोर टिकलं नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ती चाचणी थांबवली. दुसऱ्या काही चालू आहेत. मागच्या भेटीत मी मॅडमना विचारलं, अशा एखाद्या चाचणीत माझं नाव घालता येईल का? इतकी वर्षं दुसऱ्यांच्या सह्यांवर जगले, एक सही माझीही होऊ दे.

त्या म्हणाल्या, 'धातूच्या झडपेचे पेशंट आता बहुतेक चाचण्यांत घेतच नाहीत. त्या २५२ जणांनंतर सगळे जपून असतात.' आणि हात पुढे करून माझा आयएनआरचा कागद मागितला.